शाळा बंद करून सगळं शिक्षण ऑनलाइन नेता येईल का?

अंजन:
सरकारी शाळांचा मोठा खर्च पगार, इमारती आणि देखभाल यांवर होतो. दुसरीकडे उत्तम शिक्षकांचे धडे आता कुणालाही, कितीही वेळा पाहता येतात. मूल आपल्या वेगाने शिकेल, समजलं नाही ते मागे नेऊन पुन्हा ऐकेल, वर्गातल्या बाकीच्यांसाठी थांबायला नको. मग पहिली ते बारावी सगळंच ऑनलाइन नेऊन शाळा हळूहळू बंद का करू नयेत? मुलं एकमेकांत मिसळत नाहीत हा आक्षेप मला मान्य आहे, तो बाजूला ठेवू. खुद्द शिकण्यात नेमकं काय अडतं, ते वय, विषय आणि यंत्रणा यांच्या हिशेबाने कुणी सांगेल का? आणि जिथे ऑनलाइन खरोखर सरस आहे तेही सांगा.

पाटीपेन्सिल:
पहिली-दुसरीचंच सांगते, कारण तिथे हा प्रस्ताव सगळ्यात आधी कोलमडतो.

मूल वाचायला शिकतं तेव्हा शिक्षकाचे कान त्याच्या आवाजाकडे असतात, डोळे त्याची नजर कोणत्या अक्षरावर आहे तिकडे, आणि चूक झाली की त्याच क्षणी बोट त्या अक्षरावर जातं. यातलं ऐकणंच आधी बिघडतं. जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं) एवढाच आवाज जायचा, आणि 'स'चा जोर मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वर असतो. आजच्या व्हिडिओ कॉलचा आवाज पुष्कळ चांगला आहे, पण ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू झाला की कितीतरी हेडफोन ८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर उतरतात, म्हणजे आवाजाचे नमुने सेकंदाला ८००० वेळाच घेतात. त्यातून निम्म्यापर्यंतचाच आवाज पकडता येतो, म्हणून वरची मर्यादा परत ४००० हर्ट्झ. मूल 'स' म्हणालं की 'श' की 'फ', हे शिक्षकालाच खात्रीने कळत नाही, तर दुरुस्त काय करणार? त्यात नॉइज सप्रेशन (आजूबाजूचा गोंगाट दाबणारी सोय) चालू असेल तर ख, घ, भ यांच्यातला हवेचा झोत गोंगाट समजून दाबला जाऊ शकतो. ऑनलाइन वाचन घ्यायचंच असेल तर वायरचा साधा हेडफोन वापरा आणि नॉइज सप्रेशन बंद ठेवा. एवढ्याने बराच फरक पडतो.

दुसरी अडचण समूहवाचनाची आणि पाढ्यांची. कॉलवर आवाज पोचायला थोडा उशीर लागतोच. प्रत्येक मूल दुसऱ्याच्या आवाजाची वाट पाहतं, लय मंदावत जाते, आणि शेवटी सगळ्यांना म्यूट करून एकेकाला बोलावं लागतं. आता हिशेब करा: ३० मिनिटांचा तास, २५ मुलं, शिक्षकाची १० मिनिटं गेली तर प्रत्येक मुलाच्या तोंडी ४८ सेकंद येतात. समोरासमोरच्या वर्गात समूहवाचनाच्या दहा मिनिटांत प्रत्येक मूल दहाही मिनिटं वाचत असतं.

लिहिण्याचं तर विचारूच नका. वहीच्या फोटोत अक्षर दिसतं, ते कसं काढलं ते दिसत नाही. 'अ' भलत्या टोकाकडून सुरू केला तरी फोटोत बरोबरच दिसतो. पुढे लिहिण्याचा वेग वाढवायची वेळ आली की तोच हात अडखळतो. घरून लिहायला शिकवताना कॅमेरा चेहऱ्यावर ठेवण्याचा काही उपयोग नसतो. फोन पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवून, थप्पीच्या कडेबाहेर आलेला कॅमेरा साधारण ३० सेंटिमीटरवरून थेट वहीकडे वळवा. उजेड लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूने यायला हवा, नाहीतर हाताची सावली नेमकी अक्षरावर पडते.

आणि डोळे. चीनमधल्या शाळकरी मुलांच्या एका मोठ्या तपासणीत सहा वर्षांच्या मुलांमधलं लघुदृष्टीचं प्रमाण २०२० साली २१.५ टक्के निघालं. २०१५ ते २०१९ मधला सर्वांत वरचा आकडा ५.७ टक्के होता. घरात कोंडून जवळचं पाहणं वाढलं आणि उघड्यावरचा उजेड तुटला, हे त्यामागचं संभाव्य कारण मानलं जातं.

मोजपट्टी:
यंत्रणेचा हिशेब मांडतो. व्हिडिओ कॉलला १ एमबीपीएस (सेकंदाला एक अष्टमांश एमबी) वेग धरला तर तासाला ४५० एमबी लागतात. रोज ४ तास, महिन्याला २२ दिवस म्हणजे एका मुलाला जवळपास ४० जीबी. घरात दोन मुलं आणि एकच फोन असेल तर डेटा कितीही असो, एकाच वेळी तास असलेल्या दोघांपैकी एकाचा तास बुडतो. आणि हे झालं घरी इंटरनेट असलेल्यांचं. युनिसेफ आणि आयटीयू (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था) यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या ३ ते १७ वयोगटातल्या दोनतृतीयांश मुलांच्या, म्हणजे सुमारे १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेट नव्हतं.

तोच तास ३२ केबीपीएस आवाजावर घेतला आणि पानं आधीच पाठवून ठेवली, तर तासाला १५ एमबीपेक्षा कमी लागतात. महिन्याचे फक्त सव्वा जीबी. बहुतेक ठिकाणी व्हिडिओचा हट्ट सोडला तरी शिकवणं बिघडत नाही, हे लोकांच्या लक्षात फार उशिरा येतं.

पण डेटा मुबलक मिळाला तरी प्रश्न सुटतो का? अमेरिकेत पूर्णवेळ ऑनलाइन चालणाऱ्या चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालवलेल्या शाळा) कोविड महामारीच्या कितीतरी आधीपासून आहेत. तिथे घाईगडबडीची सबब नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या शिक्षण-संशोधन केंद्राने २०१५ साली तिथल्या मुलांची तुलना साध्या शाळांतल्या त्यांच्यासारख्याच मुलांशी केली. वाचनात ती ७२ दिवसांच्या शिकण्याने मागे होती आणि गणितात १८० दिवसांनी. तिथलं शालेय वर्षच १८० दिवसांचं धरलेलं आहे, म्हणजे गणिताचं अख्खं वर्ष पाण्यात.

नेदरलँड्सचं उदाहरण याहून बोलकं वाटतं. घरोघरी उत्तम इंटरनेट, २०२० मध्ये शाळा बंद होत्या जेमतेम आठ आठवडे. तरी संशोधकांना घरून शिकलेल्या काळात प्राथमिकच्या मुलांची प्रगती जवळजवळ शून्य दिसली, आणि कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचं नुकसान ६० टक्क्यांपर्यंत जास्त. फोन आणि डेटा फुकट वाटला तरी ही दरी बुजत नाही, कारण ती शेजारी कोण बसलंय यावर ठरते.

दूरस्थ:
मी दूरशिक्षणाच्या बाजूने आहे, म्हणून हे जास्त जपून लिहितो. ते चालत नाही असं म्हणणं चूक आहे. दशकानुदशकं चाललेल्या यंत्रणा आहेत. त्यांची रचना नीट पाहा.

ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जची 'स्कूल ऑफ द एअर' १९५१ साली सुरू झाली, दुर्गम भागात विमानाने डॉक्टर पोचवणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेच्या रेडिओवरून. शेजारचं घरसुद्धा मैलोन्‌मैल दूर असलेल्या मुलांसाठी ती आजही चालते, आता उपग्रहावरून. पण प्रत्येक मुलाजवळ रोज एक होम ट्यूटर बसतो, बहुधा आई किंवा वडीलच.

मेक्सिकोची टेलेसेकुंडारिया १९६८ पासून सातवी ते नववी टीव्हीवरून शिकवते. मुलं मात्र घरी नसतात, गावातल्या वर्गात असतात. मूळ पद्धत अशी: १५ मिनिटांचा कार्यक्रम, आणि तासाचा उरलेला वेळ वर्गावरचा एकच शिक्षक पुस्तकावरून सराव घेणार. सगळ्या विषयांचा तज्ज्ञ शिक्षक प्रत्येक गावाला देता येत नाही, ही अडचण त्यांनी अशी सोडवली. ब्राझीलच्या ॲमेझोनास राज्यात २००७ पासून मानाउसच्या स्टुडिओतून उपग्रहाद्वारे थेट तास होतात. नदीकाठच्या खेड्यांतली मुलं वर्गात बसून ते पाहतात, प्रश्न विचारतात, आणि प्रत्येक खोलीत एक शिक्षक हजर असतो.

तीनही ठिकाणी तज्ज्ञ दूर आहे, पण मुलाजवळचं मोठं माणूस कुणी हटवलेलं नाही. अंजन, तुमच्या प्रस्तावात नेमका तोच माणूस कमी होतोय. विषयाचा शिक्षक गावात नाही, मूल दीर्घ आजारात आहे, नववीनंतर एखादी वेगळी भाषा शिकायची आहे, अशा ठिकाणी ऑनलाइनला तोड नाही, आणि तिथे ते मिळालंच पाहिजे यासाठी भांडायला मी तयार आहे.

अंजन:
मोठी माणसं तर ऑनलाइन अभ्यासक्रमांतून शिकतातच ना? मग आठवीनंतरच्या मुलांना का जमू नये?

मोजपट्टी:
शिकतात, पण किती जण टिकतात? एमआयटी आणि हार्वर्ड या विद्यापीठांच्या, एडएक्स या ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांत २०१७-१८ साली नाव नोंदवलेल्यांपैकी पूर्ण करणारे होते सुमारे ३ टक्के. हौसेच्या अभ्यासक्रमात उरलेल्या ९७ टक्क्यांचं काही बिघडत नाही. सरकारी शाळेला मात्र एकही मूल गळून चालत नाही.

खडूफळा:
वर्गात ऑनलाइन साधनं वापरायची कशी, यावर लिहितो, कारण भांडण शाळा की ऑनलाइन यावर अडकलं की हा भाग राहूनच जातो.

व्हिडिओ छोटा ठेवा. एडएक्सवरच्या ६९ लाख वेळा झालेल्या पाहण्यांच्या २०१४ मधल्या अभ्यासात, व्हिडिओ कितीही लांब असो, प्रेक्षक साधारण ६ मिनिटांच्या वर टिकत नाही असं दिसलं. ४० मिनिटांचा तास रेकॉर्ड करून चढवणं म्हणजे मेहनत वाया. एक संकल्पना, ५-६ मिनिटं, आणि लगेच दोन प्रश्न.

प्रश्न घालताना सगळ्यात मोठी चूक होते ती चुकीच्या पर्यायांत. समजा ५२ वजा ३८. उत्तर १४. मूल २६ म्हणालं तर ते प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान अंक वजा करतंय: ८ वजा २, ५ वजा ३. २४ म्हणालं तर त्याने दशक उसना घेतला, पण ५ चे ४ करायला विसरलं. दोन चुकांवरचे उपाय अगदी वेगळे. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतात, दुसऱ्याला फक्त ५ खोडून वर ४ लिहायची सवय लावली की पुरते. पर्यायांत २६ आणि २४ दोन्ही असतील तरच हे कळतं. नुसतं 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' म्हणणारं ॲप दोघांना तोच व्हिडिओ परत दाखवतं, आणि मूल चार पर्यायांतून अंदाजाने टिचकी मारायला शिकतं. अंदाजानेच २५ टक्के गुण मिळतात, तेव्हा दहापैकी तीन-चार म्हणजे थोडंफार येतं असं समजू नका.

टॅब्लेट असतील तर वर्गाचे गट करून फिरवण्याची पद्धत चांगली: ३० मुलं, १० टॅब्लेट, तीन गट; एक स्क्रीनवर, एक वहीत, एक शिक्षकाजवळ. कागदावर १५-१५ मिनिटांत ४५ मिनिटांचा तास बसतो. प्रत्यक्षात दोन अदलाबदलींना प्रत्येकी तीन-चार मिनिटं जातात आणि तिसऱ्या गटाला शिक्षक जेमतेम आठ-नऊ मिनिटं मिळतो. जोडतास नसेल तर दोनच गट करा आणि टॅब्लेटवर जोडीने बसवा. लहान मुलांना पासवर्ड टंकायला लावू नका, क्यूआर कार्ड द्या. नाहीतर पहिली दहा मिनिटं त्यातच जातात.

इंटरनेट नाही तिथे कोलिब्रीसारखं ऑफलाइन चालणारं मोफत सॉफ्टवेअर रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकावर बसवता येतं. धडे एकदाच भरायचे, मुलं वायफायने त्या छोट्या संगणकाला जोडतात, बाहेरचा डेटा शून्य. दोन गोष्टी इथे हमखास बिघडतात. पायचं स्वतःचं वायफाय एका वर्गाला पुरत नाही, जोडण्या तुटू लागतात. वेगळा राउटर लावा. आणि वीज गेली की मेमरी कार्डवरची नोंद बिघडते. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-अवर, घट धरून ६० च्या आसपास. पाय ६ वॉट घेतो असं धरलं तर त्याचे दहा तास निघतात, म्हणजे शाळेचा दिवस आरामात. मात्र चार्ज होता होता अखंड वीज देणारीच पॉवर बँक घ्या. काही पॉवर बँका प्लग काढताच क्षणभर पुरवठा तोडतात, आणि तेवढ्यानेच कार्ड जातं.

पाटीपेन्सिल:
@अंजन, वयाची रेषा विचारलीत म्हणून: तिसरीपर्यंत स्क्रीन शिक्षकाच्या हातात, मुलाच्या नाही. चौथी ते आठवी वरच्यासारखं मिश्र. नववीनंतर सिद्धान्ताचा निम्माअधिक भाग घरून चालेल, पण प्रयोगाला यावंच लागेल. ब्युरेटची (द्रव मोजून सोडायच्या काचनळीची) तोटी थेंबावर आणणं स्क्रीनवर शिकता येत नाही.

खडूफळा:
त्यात एक भर. घरून दिलेल्या परीक्षेवर कॅमेऱ्याने पहारा ठेवण्याच्या नादी लागू नका, दुसऱ्या फोनपुढे तो निरुपयोगी आहे. त्याऐवजी प्रत्येकाने लिहिलेल्या उत्तरातल्याच दोन पायऱ्यांवर पाच मिनिटं तोंडी विचारा. ३० मुलांना १५० मिनिटं लागतात. आठवड्याच्या पाच दिवसांत रोज सहा मुलं घेतली की रोजचा अर्धा तास.