सरासरी फुटवा १, तरी झाड संपतं कसं? (गॅल्टन-वॉटसन)

प्रश्न (कोल्हापूर, एमएस्सी स्टॅटिस्टिक्स): रंकाळ्यातल्या जलपर्णीसाठी पायथॉनमध्ये गॅल्टन-वॉटसन झाडं वाढवतोय, म्हणजे एका रोपापासून पिढ्यान्‌पिढ्या फुटव्यांची वंशावळ, प्रत्येक रोपाचे फुटवे इतरांपासून स्वतंत्र. एका रोपाला ०, १, २, ३… फुटवे येण्याची शक्यता १/२, १/४, १/८, १/१६… अशी धरलीय. १०,००० झाडांतली जवळपास ९,८०० पन्नासाव्या पिढीआधीच संपतात, तरी त्या पिढीत दर झाडामागं रोपांची सरासरी कधी ०.८५, कधी १.१. झाड शेवटपर्यंत वाढू दिलं की रिकर्शनचा (फंक्शननं स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावण्याचा) एरर येतो, म्हणून ५०,००० रोपांपुढची झाडं टाकून देतो. मग झाडाचा सरासरी आकार (एकूण रोपं) १२५ येतो. मर्यादा २ लाख केली की २५०! कुठं चुकतंय?

उत्तर १: संपण्याचं गणित बरोबर आहे. या वितरणात न-व्या पिढीत झाड जिवंत असण्याची शक्यता नेमकी १/(न+१). पन्नासाव्या पिढीत १/५१, म्हणजे सुमारे १९६ झाडं, आणि त्यांत सरासरी ५१ रोपं. त्या पिढीतल्या रोपसंख्येचा व्हेरियन्स (विखुरण्याचं माप) २न = १००, म्हणून १०,००० झाडांवर स्टँडर्ड एरर (सरासरीतली नेहमीची चूक) ०.१, ०.८५ येणारच.

चूक आहे ती झाडं टाकून देण्यात. एकूण आकाराची अपेक्षित किंमत इथं अनंत आहे. तुमचा १२५ हा झाडाचा गुण नव्हे, मर्यादेचा आहे. ती चौपट केली की सरासरी दुप्पट होते. अशी झाडं 'मर्यादेपलीकडची' म्हणून मोजा आणि सरासरीऐवजी शेपूट काढा, म्हणजे झाड अमुक आकारापेक्षा मोठं असण्याची शक्यता: लॉग-लॉग आलेखावर (दोन्ही अक्ष लॉगमध्ये) उतार -१/२ यायला हवा.

रिकर्शन काढूनच टाका. 'उघडी रोपं' (ज्यांचे फुटवे अजून काढले नाहीत ती) हा एकच आकडा १ पासून सुरू करा, दर वेळी १ वजा, नवे फुटवे अधिक, ० झालं की थांबा. दहा लाख रोपांच्या झाडाची सरासरी उंची सुमारे १,७७० पिढ्या. पायथॉनची रिकर्शनच्या खोलीची मर्यादा मुळात १,०००.

प्रश्नकर्ता: नेमकी १,००० रोपांचीच झाडं हवी असतील तर?

उत्तर २: वाट बघू नका, १.१२ लाखांत एखादंच मिळतं. १,९९८ जागांतून ९९९ यादृच्छिक निवडा. त्या भिंती, उरलेल्या जागा फुटवे. भिंतींमधले १,००० आकडे घ्या (शून्यंही धरून), बेरीज ९९९. प्रत्येकातून १ वजा करून चालती बेरीज करा. ती सर्वांत खाली पहिल्यांदा जिथं जाते, त्याच्या पुढच्या आकड्यापासून यादी फिरवून सुरू करा. हजार फिरवण्यांपैकी वैध झाड देणारी हीच एक. ही पायरी विसरलात तर झाड मध्येच बंद होतं.

उत्तर ३: पण जलपर्णीला सरासरी १ का? वाढती धरा: ०, १, २ फुटव्यांना १/४, १/४, १/२. झाड संपण्याची शक्यता स धरली तर स = १/४ + स/४ + स²/२, या समीकरणाची मुळं १/२ आणि १. नामशेष होण्याची शक्यता लहान मूळ, १/२. १८७४ मध्ये घराणी कशी बुडतात हे गणितानं तपासताना वॉटसननं १ हेच मूळ धरलं आणि प्रत्येक घराणं बुडणार असा चुकीचा निष्कर्ष काढला. दहा रोपांनी सुरुवात केली तर शक्यता १/१०२४. मात्र पाणी झाकत आलं की फुटवे एकमेकांची जागा अडवतात, स्वतंत्र राहत नाहीत. त्यापुढं हे झाड वापरू नका.