पेन ड्राइव्हवर कॉपी लावली की अख्खा लॅपटॉप गपगार, लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) नेमकं काय बदलू?

फोटोवाला_सातारा:
नमस्कार मंडळी. लग्नाच्या शूटिंगचं काम करतो, मागच्या वर्षी विंडोज काढून उबुंटू टाकलं. १६ जीबी रॅम, एसएसडी, एरवी मशीन मस्त पळतं. पण पार्टीला द्यायला २५ जीबीचं फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकलं की सुरुवातीला बार सुसाट, पाच-सहा जीबी बघता बघता आणि मग जो बसतो तो बसतोच. ब्राउझरमध्ये नवीन टॅब उघडत नाही, फाइल मॅनेजर करडा पडतो, माउस तेवढा हलतो. बार १०० वर गेला तरी इजेक्टला अजून दहा-बारा मिनिटं. गेल्या आठवड्यात पार्टी दारात उभी, मी बार भरलेला बघून ड्राइव्ह उपटून दिला, तर त्यांच्या घरी व्हिडिओ मंगलाष्टकांपर्यंत चालला आणि अक्षता पडायच्या आत बंद. लय शिव्या खाल्ल्या. स्वॅपिनेस (रॅममधलं डिस्कवर किती लवकर हलवायचं ती सेटिंग) ६० चं १० केलंय, फरक शून्य.

लिनक्सवीर_९:
लो-लेटन्सी (झटपट प्रतिसाद देणारा) कर्नल टाक भावा. नाहीतर रॅम ३२ कर, विषय संपला.

कर्नलकाका:
वीरा, रॅम वाढवली तर हे दुखणं वाढेल, कमी नाही व्हायचं. फोटोवाले, तुम्ही कॉपी करता तेव्हा डेटा आधी रॅममध्ये जातो, तिथून कर्नल सवडीने ड्राइव्हवर उतरवतो. उतरायचा बाकी असतो त्याला डर्टी पेजेस म्हणतात. बार दाखवतो तो रॅममधला हिशोब, म्हणून सुसाट. किती उधारी साठू द्यायची ते डर्टी रेशो ठरवतो, साधारण २० टक्के असतो आणि तो मोकळ्या होण्याजोग्या मेमरीचा टक्का असतो. म्हणजे रॅम जास्त तर उधारी जास्त. हद्द जवळ आली की कर्नल लिहिणाऱ्यांना थांबवायला लागतो, आणि ब्राउझर पण सारखं हिस्टरी-कॅशे लिहीत असतो ना, तो फुकटचा सापडतो. स्वॅपिनेसचा याच्याशी संबंध नाही.
कॉपी चालू असताना प्रॉक मेमइन्फो या मेमरीचा हिशोब दाखवणाऱ्या फाइलमधल्या डर्टी आणि राइटबॅक (आत्ता उतरत असलेला डेटा) या दोन ओळी बघून आकडा सांगा. (मोबाइलवरून टाइप करतोय म्हणून कमांडी पण मराठीत, स्पेलिंग तुम्ही बघून घाला.)

फोटोवाला_सातारा:
काका, दोन्ही मिळून साडेपाच जीबीच्या आसपास. पेन ड्राइव्ह ८ एमबी पर सेकंदने लिहितोय.

कर्नलकाका:
मग इजेक्टच्या दहा-बारा मिनिटांचा हिशोब बरोबर लागला. पण साडेपाच जरा जास्तच वाटतंय हो, १६ पैकी मोकळी होण्याजोगी १२ जीबी धरली तरी २० टक्क्यांनी २.४ च्या वर जायला नको. असो, टक्क्यांचा नाद सोडा आणि थेट बाइट्समध्ये हद्द घाला. डर्टी बाइट्स २६८४३५४५६ म्हणजे २५६ एमबी, डर्टी बॅकग्राउंड बाइट्स (इतकं साठलं की कर्नल मागच्या मागे उतरवायला लागतो) ६७१०८८६४ म्हणजे ६४ एमबी. सिसकंट्रोल डॉट डी (कर्नलच्या सेटिंग्जच्या फायली ठेवायचं) फोल्डरमध्ये नवीन फाइल करा. आणि ड्राइव्ह काढायच्या आधी सिंक (उरलेलं सगळं ड्राइव्हवर उतरवायची कमांड) मारा, प्रॉम्प्ट परत येईपर्यंत हात लावू नका.

फोटोवाला_सातारा:
काका जबरदस्त!! कॉपी चालू आणि बाजूला गाणी पण चालू.

फोटोवाला_सातारा:
अरे परत पहिले पाढे पंचावन्न. रात्री बंद करून सकाळी चालू केला तर तेच. फाइल जागेवर आहे, मी ६० नंबरने नाव दिलंय, पण डर्टी बाइट्स बघितलं तर ० दाखवतोय.

ऋतुजा_टर्मिनल:
दादा, ० दाखवतोय यातच उत्तर आहे. बाइट्स आणि रेशो ही एकाच हद्दीची दोन मापं आहेत, एक लिहिलं की दुसरं आपोआप ० होतं आणि जे शेवटी लिहिलं जाईल ते चालतं. म्हणजे तुमच्या फाइलनंतर कोणीतरी रेशो लिहितंय. मुख्य सिसकंट्रोल डॉट कॉन्फ उघडा, कधीतरी कुठल्या तरी साइटवरून काही पेस्ट केलंय का त्यात? ती तुमच्या ६० नंबरच्या फाइलनंतर वाचली जाते. काकांना साडेपाच जास्त वाटले ते पण त्यामुळेच असणार.

फोटोवाला_सातारा:
ताई, सापडलं 😅 उबुंटू नवीन टाकलं तेव्हा "मशीन रॉकेट करा" टाइप लेख वाचून १५-२० ओळी चिकटवल्या होत्या. त्यात डर्टी रेशो ६०! शिवाय शेड मायग्रेशन कॉस्टची एक ओळ आहे, ती लोड करताना एररच देतेय.

कर्नलकाका:
६०?? तो डेटा सर्व्हरवाल्यांचा खेळ आहे, यूपीएस आणि वेगवान डिस्का असतात त्यांच्याकडे. शेड्युलरची (कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणारा कर्नलचा भाग) ती सेटिंग कर्नल ५.१३ पासून सिसकंट्रोलमधून उचलून डीबगएफएसमध्ये (कर्नल तपासणाऱ्यांसाठीच्या जागेत) नेली, म्हणून एरर. लेख जुना असणार. सगळ्या ओळी काढा, फक्त आपल्या दोन ठेवा. पुढे मोठं काही कंपाइल करताना एसएसडीवर मंद वाटलं तर २५६ चं ५१२ करून बघा.

लिनक्सवीर_९:
म्हणजे लो-लेटन्सीची गरज नव्हती. बरं.

फोटोवाला_सातारा:
सगळं काढलं, दोनदा रीस्टार्ट करून बघितलं, आकडे टिकले. आता बार पहिल्यापासून खऱ्या स्पीडने सरकतो, २५ जीबीला जवळजवळ तास. काल एक पार्टी विचारत होती, तुमचा कॉम्प्युटर मागच्या वेळी फास्ट होता, आता काय झालं?