सोनं सापडलं, बायको टाकली: क्लोंडाइकच्या प्रेमकथा कोणाच्या?

पुस्तककिडा:
कॅनडातल्या क्लोंडाइकच्या गोल्ड रशवरच्या (सोन्यासाठी उडालेल्या झुंबडीवरच्या) तीन ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या लागोपाठ वाचल्या आणि वैताग आला. तिन्हींत तेच! कर्जात बुडालेली देखणी नायिका, दाढीवाला अबोल नायक, बर्फाचं वादळ, एक खोपटं, एकच घोंगडी. शेवटच्या पानावर सोनंही मिळतं आणि लग्नही होतं. अहो, लाखभर लोक निघाले, त्यातले तीस-चाळीस हजार तिथल्या डॉसन गावाला पोचले, तोवर चांगल्या जागा आधीच्यांनी अडवलेल्या. यांच्या नायकालाच बरं सापडतं!

ज्यांना खरंच सापडलं त्यांचं काय झालं? ऑगस्ट १८९६ मध्ये जॉर्ज कार्मॅकला सोनं लागलं. बरोबर टॅगिश जमातीची बायको केट आणि मेव्हणा स्कूकम जिम. खाण हाती येईपर्यंत केटने मोजे, जोडे शिवून खाणवाल्यांना विकले. १९०० मध्ये जॉर्जने दुसरं लग्न केलं. पहिलं जमातीच्या रीतीने झालेलं, कागद नाही, त्यामुळे केटला काही सिद्धच करता येईना. तिथली प्रेमकथा लिहायचीच तर या टाकलेल्या बाईची लिहा. नाहीतर नका लिहू.

रमाकाकू:
मग ती प्रेमकथा कशी राहील? रोमान्स हातात घेतानाच शेवट गोड असणार हे ठरलेलं असतं. पुरणपोळी मागवायची आणि तिखट नाही म्हणून तक्रार करायची! दिवसभर ऑफिसात डोकं पिकल्यावर मला रात्री ती घोंगडीच हवी असते.

खनक:
काकू, घोंगडी ठेवा, पण काम तरी खरं दाखवा. (खाणीत नोकरी केलीय, राहवत नाही.) जानेवारीत नायक ओढ्यात सोनं धुवायची परात फिरवताना दाखवतात. ओढा गोठलेला, जमीन बारमाही गोठलेली! तिथे रात्री खड्ड्यात लाकडं पेटवायची, सकाळी विरघळलेला चिखल उपसून वर ढीग लावायचा, पुन्हा जाळ. वसंतात पाणी वाहू लागलं की ढीग धुवायचा. म्हणजे ढिगात नेमकं किती आहे हे हिवाळाभर पक्कं कळत नाही. दोघांनी त्या ढिगाकडे बघत सहा महिने काढायचे. आणखी कसलं वादळ हवंय?

उनाड_मुसाफिर:
धागाकर्त्याशी असहमत. बेलिंडा मलरूनी घ्या. १८९७ मध्ये कापड आणि गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन डॉसनला आली, भरपूर नफ्यात विकल्या, पुढच्या वर्षी फेअरव्ह्यू हॉटेल उभं केलं. आतल्या भिंती कापडाच्या, वरून वॉलपेपर! कुजबुजलं तरी शेजारच्या खोलीत ऐकू जायचं. हे हॉटेल एकाही प्रेमकथेत नसावं?

पुस्तककिडा:
बेलिंडाचंही पुढे सांगा की. फ्रेंच काउंट म्हणवणाऱ्या तोतयाशी लग्न, १९०६ मध्ये घटस्फोट. आणि क्लोंडाइक नदी ज्या हान आदिवासींची, ते या गर्दीपायी मूसहाइड गावी जाऊन राहिले. कादंबरीत त्यांना जागा किती? वाटाड्या, तोही पान चाळीसच्या आत मरतो.

रमाकाकू:
वाटाड्याचं मान्य, ते मलाही खटकतं. पण तोतया काउंट? अहो, यावर तर मी दोन रात्री जागेन! घटस्फोटाच्या आधी पुस्तक संपवा म्हणजे झालं.

अवांतर: त्या तिघींपैकी घोंगडी सगळ्यात चांगली कोणती, ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.