सहा आठवडे झाले म्हणजे बाळंतीण बरी झाली का?

निशिगंध
अकरा आठवडे झाले मला. नॉर्मल डिलिव्हरी, टाके होते. सहाव्या आठवड्यात तपासणीला गेले तर टाके बघितले, बीपी बघितलं, 'सगळं छान आहे, आता नेहमीसारखं सुरू करा' आणि पाच मिनिटांत बाहेर. घरच्यांनी तेच धरून ठेवलं. परवा कपड्यांची बादली उचलली, तेवढ्यात शिंक आली आणि उभ्या उभ्या लघवी झाली. बाथरूमचं दार लावून रडले मी. सहा आठवड्यांत गर्भाशय आकसतं, साधारण १ किलोचं ६०-७० ग्रॅमवर येतं, मान्य, पण म्हणजे सगळं अंग सावरलं का? खालच्या स्नायूंना कित्येक महिने लागतात. हा सहाचा आकडा बायकांना सांगणंच बंद करा असं माझं स्पष्ट मत आहे.

पाऊलवाट
नाही पटलं. माझी दोन बाळंतपणं, दुसरं सिझर. दुसऱ्याच दिवशी नर्सने उठवून चालवलं, खोकला आला की टाक्यांवर उशी दाबून धरायची हे शिकवलं. तेव्हा जाम राग आला होता, पण पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते चालणं किती गरजेचं असतं हे नंतर कळलं. तेव्हा कुणी 'वर्ष लागेल' म्हटलं असतं ना तर मी पलंग सोडलाच नसता. बाळंतपण म्हणजे आजार नव्हे, डोळ्यासमोर काहीतरी मुदत लागतेच माणसाला.

निशिगंध
अगं चालू नका असं मी कुठे म्हटलं? ती मुदत तुला धीर देते, मला मात्र तीच ऐकवली जाते, 'झाले की सहा आठवडे, अजून काय दुखतंय?'

गवतफुला
मी प्रसूती वॉर्डात काम करते म्हणून लिहिते. आकडा काढू नका, त्याच्या आधीच्या भेटी वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या सूचनांत पहिले २४ तास देखरेख, मग ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात तपासणी सांगितलीय. आमच्याकडे बहुतेकजणी एकदम शेवटच्या भेटीलाच उगवतात, आणि तिथेही लघवी सुटते का हे आपण विचारत नाही, त्या लाजून सांगत नाहीत. निशिगंध, पुन्हा जा आणि याच शब्दांत सांग. शिंकेला लघवी होणं खूपजणींना होतं, पण म्हणून ते तसंच सोसायचं नसतं. लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवतोय असे खालचे स्नायू आत-वर ओढायचे, श्वास रोखायचा नाही, मग पूर्ण सैल सोडायचे, रोज, निदान तीन महिने. फिजिओकडून एकदा नीट शिकून घे, कारण बऱ्याचजणी उलट खाली जोर देतात.

नवा_बाबा
मध्येच विचारतो, माफ करा. बायकोला तीन आठवडे झालेत, रक्तस्राव फिकट झाला होता, काल तिने घर आवरलं आणि आज परत लाल दिसतंय. घाबरायचं का?

गवतफुला
वार सुटते तिथे आत मोठी जखम असते, ती भरत असते. दगदग झाली की स्राव परत लाल होऊ शकतो. आज तिला झोपू द्या, घर तुम्ही आवरा. पण तासाभरात अख्खा पॅड भिजला, मोठ्या गुठळ्या पडल्या, ताप, घाण वास, एका पोटरीत दुखून सूज, धाप, जोरात डोकं दुखून अंधारी, यातलं काहीही झालं तर लगेच दवाखाना. उद्यापर्यंत कमी नाही झालं तरी दाखवून आणाच.

पाऊलवाट
हेच म्हणते मी, हिला तीन आठवड्यांत घर आवरायला लावलं कुणी? मुदत असती तर तेवढं तरी थांबले असते सगळे.

निशिगंध
आणि सातव्या आठवड्यात लावलं असतं. मी सोमवारी परत जातेय डॉक्टरकडे, या वेळी बादलीचं सांगणार.