शब्दचर्चा : 'झिरो एरर'ला मराठीत काय म्हणाल?

गुहागरची मावशी :
भाचा यंदा अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. प्रॅक्टिकलला सरांनी त्याच्या हातात व्हर्निअर कॅलिपर (जबड्यात वस्तू धरून सरकत्या पट्टीवर बारीक माप घ्यायचं साधन) दिलं आणि विचारलं, "झिरो एरर आहे का?" पोरगा म्हणाला, "हो सर, झिरो एरर! एकदम ओके." अख्खी बॅच हसली. घरी येऊन मला विचारतो, "मावशी, झिरो एरर म्हणजे चूक शून्य, असंच ना?" मलाही त्यात काही वावगं वाटेना. वहीत त्याने 'शून्य चूक' लिहिलंय, मैत्रिणीच्या वहीत 'शून्य त्रुटी' आहे, शेजारचे मास्तर 'शून्यांक त्रुटी' म्हणतात. यातला कुठला शब्द घ्यावा?

प्रयोगशाळेतले काका, रत्नागिरी :
ताई, पोराला हसण्यासारखं काही नाही. झिरो एरर म्हणजे काही न मोजताही साधनाचा शून्य जागेवर नसणं. घोटाळा समासाचा आहे. 'शून्यदोष' तत्पुरुष म्हणून फोडलात तर शून्याचा दोष; बहुव्रीही म्हणून फोडलात तर ज्यात दोष शून्य आहे असं ते. त्यात 'शून्य त्रुटी' असं सुटं लिहिलं की दुसरा अर्थच आधी डोक्यात येतो, कारण 'शून्य मार्क', 'शून्य अक्कल' ही आपली रोजची बोली. मास्तरांच्या 'शून्यांक'मध्ये अंक आला, की पट्टीवरचा शून्याचा आकडा डोळ्यांपुढे येतो आणि दुसरा अर्थ गळतो. लिहिताना तोच घ्या. बोलताना सरळ 'शून्याची त्रुटी'.

'चूक' मात्र नको. चूक माणसाची. आपण घाईत आकडा वाचला, तिरक्या नजरेने वाचला, ती चूक. व्हर्निअर दर वेळी तेवढ्याच मापाने आणि त्याच बाजूला सरकलेलं असतं. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं तेव्हा ते चुकलं असं घरात कोण म्हणतं? 'पुढे आहे' म्हणतात आणि मनात पाच मिनिटं वजा करतात.

त्याला हेही समजावा. जबडे मिटल्यावर सरकत्या पट्टीचा शून्य मुख्य पट्टीच्या शून्यासमोर यायला हवा. तो उजवीकडे राहिला तर त्रुटी धन, डावीकडे गेला तर ऋण. धन सोपी आहे. साध्या व्हर्निअरवर 9 मिलिमीटरचे 10 भाग केलेले असतात, म्हणून लघुतम माप 0.1 मिमी. चौथी रेघ जुळली तर त्रुटी 0.4 मिमी. मग 12.4 वाचलेली वस्तू खरी 12.0.

ऋणाला मात्र पोरं हमखास आपटतात. शून्य डावीकडे गेलाय, सातवी रेघ जुळलीय, की लिहितात उणे 0.7. हे साफ चूक, आणि इथे 'चूक' हाच शब्द! सरकत्या पट्टीचा शून्य उणे एक आणि शून्य यांच्या मध्ये उभा असतो. पट्टीवर उणे एकची रेघ आखलेली नसते, ती आपण मनात धरायची. तिथून 0.7 पुढे, म्हणजे उणे 1 अधिक 0.7, बरोबर उणे 0.3. पडताळायचं असेल तर सातवी रेघ आपल्या शून्यापासून 6.3 मिमीवर असते, शून्य 0.3 मागे असेल तरच ती मुख्य पट्टीच्या सहाव्या रेघेला भिडते. लॉगचे तक्ते वापरलेल्यांना 'बार एक'ची आठवण होईल, हिशेब तोच.

आता वाचन 12.4 आलं तर खरं माप 12.7. त्रुटी वजाच करायची, पण उणे वजा केलं की मिळवलं जातं. ऋण म्हणजे कर्ज. ऋण त्रुटीचं व्हर्निअर दर मापात तुमचं 0.3 दाबून ठेवतं, ते वसूल करायचं, असं मी पोरांना सांगायचो.

लेथवाला, मिरकरवाडा :
आमच्यात त्रुटीबिटी कोणी म्हणत नाही. "झिरो बघितलास?" एवढंच. जबडे चिंधीने पुसायचे, मिटायचे, उजेडाकडे धरायचे. मध्ये उजेडाची रेघ दिसली तर पट्टी वाचायच्या भानगडीत पडायचंच नाही. कण अडकलाय नाहीतर जबडा खाल्लाय. आमच्या खाऱ्या हवेत एक पावसाळा तेलाविना काढला की गंज चढलाच म्हणून समजा.

काका, तुम्ही सांगितलंत ते बरोबर, पण कारखान्यातलं एक राहिलं. कण अडकला तर झिरो उजवीकडे दिसतो. जबडे झिजले तर आत जास्त मिटतात आणि झिरो डावीकडे जातो. म्हणजे जुन्या व्हर्निअरचा झिरो बहुधा ऋण. आणि झीज खालच्या जबड्यांची असते, आतलं माप घेणारे वरचे जबडे तसेच राहतात. यात मी एकदा हात पोळून घेतलाय. नारळी पौर्णिमा तोंडावर, शाकारलेल्या बोटी उघडायची घाई. शाफ्ट खालच्या जबड्यांनी मोजला, 44.7. थोडी सूट धरून बुश, म्हणजे शाफ्ट बसायची नळी, आतून 44.8 बोअर केला, तो वरच्या जबड्यांनी मोजला. शाफ्ट निघाला 45 चा! बुश जाईना. तांडेल म्हणाला, "मिस्त्री, आता समुद्राला थांब सांगू काय?" तेव्हापासून बाहेरचा झिरो वेगळा बघतो, आतल्या मापाची खात्री वेगळी करतो.

मालवणची नात :
शब्दाचाच प्रश्न असेल तर आपल्याकडे नेमका शब्द आहे : पासंग. आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. तराजूचं एक पारडं किंचित हलकं, म्हणून त्याच्याखाली चिंचोक्याएवढा शिशाचा तुकडा लाखेने चिकटवलेला. तो पासंग. शब्द फारसीतून आला, संग म्हणजे दगड. 'अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही' म्हणतो तेव्हा तोच तुकडा मनात असतो, वजन म्हणून सोडाच, तराजू सारखा करायलासुद्धा तो माणूस कमी पडेल. आजी नव्या पोऱ्याला बजावायची, "आधी काटो बघ, मगे साखर घाल." मग 'झिरो एरर'ला पासंग का नको?

प्रयोगशाळेतले काका, रत्नागिरी :
पासंग वाचून बरं वाटलं. वर्गात समजावायला फार छान, पण पारिभाषिक शब्द म्हणून मी बिचकेन. पासंग लावला की तराजू सुधारतो आणि पुढचं प्रत्येक वजन खरं येतं. व्हर्निअरला आपण हात लावत नाही. वाकडं ते वाकडंच वापरतो आणि कागदावर दुरुस्ती करतो. शिवाय पासंग हे इलाजाचं नाव, आपल्याला आजाराचं हवंय. डिजिटल कॅलिपरचं झिरोचं बटण दाबणं, त्याला मात्र 'पासंग करणं' खुशाल म्हणा. आणि भांड्याचं वजन वेगळं काढायला करतात तो 'धडा'. पासंग तराजूच्या खोडीचा, धडा भांड्याचा.

थोडं विषयांतर. व्हर्निअर हे प्येर व्हेर्निए या माणसाचं नाव. त्याने ही सरकती पट्टी 1631 मध्ये छापून मांडली. जर्मन आणि पोर्तुगीज लोक मात्र तिला 'नोनियुस', 'नोनिओ' म्हणतात, ते त्याच्या आधीच्या पेद्रु नुनिश या पोर्तुगीज गणितीवरून. नुनिशची युक्ती वेगळी होती, नाव तेवढं चिकटलं. गंमत पुढे आहे. 1538 मध्ये जुआंव द कास्त्रु हा पोर्तुगीज दर्यावर्दी गोव्याहून दीवकडे जाताना नुनिशने सुचवलेलं सावलीचं यंत्र घेऊन आपल्याच किनाऱ्याने गेला. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते मोजत होता. वसईजवळ ती भलतीच ढळली, तर त्याने सुईला दोष न देता तिथल्या खडकांवर बोट ठेवलं. अशा ढळण्याला मी 'तफावत' म्हणेन. मावशी, शब्द निवडताना दोष कुणाचा हे आधी ठरतं, ते असं.

गुहागरची मावशी :
सगळ्यांचे आभार. भाच्याने 'शून्यांक त्रुटी = उणे 0.3 मिमी' लिहिलं आणि वहीच्या समासात बारीक अक्षरात 'कर्ज'. लेथवाल्या दादांचं ऐकून जबडे उजेडाकडे धरून बघतो आता, शाळेतलं व्हर्निअर कुणी नीट पुसलेलंच नव्हतं म्हणे.

मीही काल बाजारात डोकं चालवलं. बाकी मासे आम्ही वाट्यावर घेतो, सुरमई तेवढी काट्यावर. काट्यावर रिकामं घमेलं होतं आणि आकडा शून्य. मी कोळणीला विचारलं, "हा धडा की पासंग गं?" ती म्हणाली, "ताई, सुरमई घ्यायची तर घे, मागे गिऱ्हाईक उभं आहे."