मदत हवी आहे: खाली आणलेल्या एमएक्स-५ चं अलाइनमेंट (चाकांचे कोन) कोणत्या आकड्यांवर ठेवू?

नटबोल्ट
गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १.६ लिटर. वापर सुट्टीच्या दिवशी वळणांच्या रस्त्यावर, ट्रॅकवर नाही. टायर १८५/६० आर १४. आखूड स्प्रिंगा बसवल्या आहेत. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पुढे ३२० आणि मागे ३२५ मिमी. बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली अस्तरं) मूळ रबरीच.

त्रास: सरळ चालताना स्टिअरिंग थोडं उजवीकडे वळलेलं राहतं, हात सैल सोडला की गाडी उजवीकडे जाते, आणि पुढच्या टायरची आतली कड झिजते, डावीकडे जास्त.

मशीनचा रिपोर्ट (कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाकाचा कल, ऋण म्हणजे वरची कड आत; कास्टर म्हणजे बाजूने बघताना स्टिअरिंगच्या आसाचा कल; टो म्हणजे वरून बघताना चाकाचं तोंड आत (इन) की बाहेर (आउट); ′ म्हणजे मिनिट, अंशाचा साठावा भाग):
पुढे कॅम्बर: डावं −१°४८′, उजवं −०°५४′
पुढे कास्टर: डावं ५°४०′, उजवं ४°२०′
पुढे एकूण टो: २२′ आउट
मागे कॅम्बर: डावं −२°०५′, उजवं −१°५०′
मागे टो: डावं २०′ इन, उजवं ६′ आउट

रस्त्यावरच्या वापराला कोणते आकडे सांगू?

समांतर
स्टिअरिंग वाकडं असणं आणि गाडी ओढणं हा एकच दोष वाटतो, पण तुमच्या रिपोर्टमध्ये ते दोन वेगळे आहेत.

स्टिअरिंगचं मूळ मागच्या चाकांत आहे. डावं २०′ आत म्हणजे ते उजवीकडे बघतंय. उजवं ६′ बाहेर म्हणजे तेही उजवीकडेच बघतंय. सरासरी १३′. हा झाला थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं गाडीला ज्या तिरक्या दिशेने ढकलतात तो कोन. सरळ जायचं तर पुढची चाकंही तेवढीच उजवीकडे वळवावी लागतात. नुसते पुढचे टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकांपर्यंतचे दांडे) फिरवून स्टिअरिंग सरळ करून दिलं तरी गाडी तिरकीच चालत राहील.

ओढण्याचं कारण पुढे आहे. ज्या बाजूचं कास्टर कमी आणि कॅम्बर कमी ऋण, तिकडे गाडी जाते. तुमच्याकडे दोन्ही उजवीकडेच बोट दाखवतात. टायर ठरावीक दिशेनेच फिरणारे नसतील तर आधी पुढचे दोन आपसांत बदलून बघा. ओढ डावीकडे गेली तर टायरचाही हात आहे.

मी हे आकडे ठेवेन:
पुढे कॅम्बर −१°१२′, कास्टर ५° च्या आसपास, एकूण टो ४′ ते ६′ इन
मागे कॅम्बर −१°४०′, टो प्रत्येकी ८′ इन

कॅम्बरमध्ये डाव्या-उजव्यात १०′ पेक्षा जास्त फरक नको, कास्टरमध्ये २०′ पेक्षा. थ्रस्ट शून्याजवळ. मागचं कॅम्बर पुढच्यापेक्षा साधारण अर्धा अंश जास्त ऋण ठेवा, म्हणजे वळणात शेपटी शांत राहते. मागे टो-आउट या गाडीत अजिबात नको. वळणात अॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग एकदम फिरतो.

नटबोल्ट
धन्यवाद, आता उलगडलं. पुढचं टो शून्य ठेवलं तर वळताना गाडी जास्त चपळ होईल ना? आणि आतली कड कॅम्बरमुळे जाते की टोमुळे?

समांतर
कड मुख्यतः टोमुळे जाते. तळहात टायरवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला नक्षीच्या ठोकळ्यांच्या कडा बोचल्या, तर ते टोचं लक्षण. नुसत्या कॅम्बरची झीज उतरती पण गुळगुळीत असते. डावीकडे कॅम्बर जास्त ऋण आहे म्हणून तिथे दोन्हींची भर पडली.

शून्य टो चालेल. पण इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते अशा गाडीत रस्त्याचा विरोध पुढची चाकं किंचित बाहेर उघडतो आणि रबरी बुश तेवढे दबतात. उभ्या गाडीचं ४′ ते ६′ इन धावताना शून्याजवळ येतं, म्हणून मी तेच धरतो.

तिरकस_कोन
वरच्या आकड्यांशी सहमत. काम कसं करून घ्यायचं ते लिहितो, कारण चूक बहुतेक तिथेच होते.

या गाडीत आठ कॅम बोल्ट (फिरवले की आर्मचं टोक आत-बाहेर सरकवणारे) आहेत, प्रत्येक लोअर आर्मच्या (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) आतल्या टोकाला दोन. अलाइनमेंटच्या आदल्या दिवशी सगळ्यांवर गंज सोडवणारं तेल मारा. बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून धरला असेल तर पाना लावल्यावर कॅमसकट रबरही पिळतं, आणि आकडा हलला असं नुसतं वाटतं. सैल करण्याआधी प्रत्येक कॅमच्या खुणेवर रंगाचा ठिपका द्या.

टायर थंड असताना हवा बघा, टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाइतकं ओझं. गाडी चारही कोपऱ्यांवर दाबून सोडा.

मग क्रम: मागचं कॅम्बर, मागचं टो, पुढचं कास्टर आणि कॅम्बर, आणि स्टिअरिंग सरळ बांधून सगळ्यात शेवटी पुढचं टो. कॅम्बर हललं की टो हलतंच, म्हणून उलट क्रमाने केलेलं काम वाया जातं. पुढच्या आर्मचा पुढचा कॅम आत आणि मागचा बाहेर नेला की कास्टर वाढतं. दोन्ही बाहेर नेले की कॅम्बर जास्त ऋण होतं. दोन्ही आकडे त्याच दोन बोल्टांवर असल्याने सगळं एकदम मिळत नाही. तुमच्या उजवीकडे ५° कास्टर बसत नसेल तर डावीकडचं कमी करून दोन्ही सारखे करा.

नट पक्के करताना गाडी चाकांवर उभी हवी. लटकत्या आर्मवर आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं, गाडी वर राहते आणि बुश लवकर फाटतात. टाय रॉड फिरवताना रॅकच्या (स्टिअरिंगच्या दात्यांच्या पट्टीच्या) रबरी बुटाची बाहेरची क्लिप सोडा, नाहीतर बूट पिळतं.

एककाचा घोळ टाळा. ०.२०° म्हणजे १२′, २०′ नव्हे. मिमीत सांगायचं तर कुठे मोजलं तेही हवं: तेच १२′ चौदा इंची रिमवर सव्वा मिमी होतात आणि तुमच्या टायरच्या बाहेरच्या व्यासावर २ मिमी. कागदावर अंश-मिनिटांत लिहून द्या आणि टोच्या प्रत्येक आकड्यापुढे 'एकूण' की 'प्रत्येकी' हेही लिहा.

नटबोल्ट
पुढचे टायर आधी आपसांत बदलतो, मग सगळं याच क्रमाने करून घेतो. नवा रिपोर्ट इथेच टाकेन.