टॅगला मराठीत काय म्हणायचं?

आगळवाली: नमस्कार मंडळी, एक शब्द हवाय. आमचा कुडाळकडचा बचत गट, कोकम, कुळथाची पिठी, फणसपोळी, मालवणी मसाला असलं विकतो आणि पुतण्याने वूकॉमर्सवर (वेबसाइटवर दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) ऑनलाइन दुकान काढून दिलंय. सगळं मराठीत करायचं ठरलं. कॅटेगरीला विभाग केलं, कार्टला पिशवी केलं (टोपली करणार होते पण आमच्याकडे टोपली म्हटली की डोळ्यासमोर बांगडेच येतात), आणि टॅगवर येऊन सगळं अडलं. बिल्ला म्हटलं तर गटातल्या काकी म्हणाल्या नको गं, आमच्या म्हशीच्या कानात तोच पिवळा बिल्ला आहे 12 आकडी नंबराचा, कोकमाला कशाला.

खाडीकाठ: टॅगच ठेवा ना ताई. गाडीला फास्टॅग लागतो, हापूसला 2018 मध्ये जीआय टॅग मिळाला तेव्हा पेपरात पण टॅगच छापून आलं, भौगोलिक मानांकन म्हणणारे मोजकेच. आणि हापूस तरी कुठे आपला शब्द, पोर्तुगीजांच्या आफोन्सोचा आपण हापूस केला आणि पचवला. टॅग पण पचेल.

पोटमाळा: पचेल हो, पण काकींना कळायला पाहिजे ना, त्यांनाच बसून ते लावायचंय. इंग्रजीत टॅग म्हणजे मुळात कपड्याला लोंबणारी चिंधी किंवा पट्टी, मग माहिती लिहून बांधलेली चिठ्ठी. आपल्याकडे हे काम खूण करते. धोबी कपड्यावर करतो ती खूण, आंब्याच्या पेटीवर बागायतदार रंगवतो तो मार्का. मार्का मालकाचा असतो म्हणून तो इथे नको, खूण बरोबर. "या पाकिटाला कुठल्या खुणा लावू" असं कोणीही बोलेल, "कुठली चिकटचिठ्ठी लावू" असं कोण बोलणार? असले शब्द फक्त समितीच्या बैठकीत जन्मतात आणि तिथेच जातात.

आगळवाली: खूण आवडलं. पण मग विभाग आणि खूण यात फरक काय सांगू काकींना? त्या म्हणतात दोन्हीकडे कोकमच लिहायचं ना.

पोटमाळा: विभाग म्हणजे फडताळातला कप्पा. कप्प्यात कप्पा करता येतो, कोकम, त्याच्या आत आगळ (म्हणजे कोकमाचा खारवलेला रस), सरबत, सुकी आमसुलं. खुणांना असं आत बाहेर नसतं, सगळ्या एका ओळीत, आणि त्या कप्पे ओलांडून जातात. "उपासाला चालतं" ही खूण वऱ्याच्या पिठाला लागेल आणि आमसुलाला पण लागेल. कप्प्याचंच नाव परत खूण म्हणून लावलंत तर नुसता पसारा.

आगळवाली: हे आधी कळायला हवं होतं. गेल्या महिन्यात एकांनी आगळ मागवलं, सरबत समजून पाण्यात ढवळून घटाघटा प्यायले, आणि आगळात तर मीठ असतं! एक स्टार दिला आणि खाली लिहिलं की माल खराब आहे. माल खराब नाही हो, तो सोलकढीला आहे. म्हणजे "खारट" आणि "गोड" अशा खुणा पाहिजेत, बरोबर ना?

पोटमाळा: अगदी. आणि "सोलकढीसाठी" अशी पण एक. गिऱ्हाईक कप्पा बघून येत नाही, संध्याकाळी काय करायचंय ते डोक्यात घेऊन येतं.

भिरंड: आमच्याकडे आमसूल कोण म्हणना नाय, सोलांच म्हणतत. भिरंड झाडार, सोलां बरणीत. मुंबईवाला कोकम शोधणार, पुण्यातली काकू आमसूल, माझी आई सोलां, रत्नागिरीकडचा फळाला रातांबा म्हणणार. तर कोकम, आमसूल, आमसोल, सोलं, भिरंड, रातांबा सगळे टॅग लावून टाका म्हणजे कोणी काही टाइप केलं तरी सापडेल.

खाडीकाठ: इथेच सगळे फसतात. वूकॉमर्सचा आपला साधा शोध टॅगमध्ये बघतच नाही, तो नाव आणि वर्णन बघतो. सहा टॅग लावले तरी सोलं टाइप करणाऱ्याला काही दिसणार नाही. ती सगळी नावं वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहा, "कोकम म्हणजेच आमसूल, आमच्या मालवणीत सोलां", वाचायलाही गोड लागतं. वर प्रत्येक टॅगचं एक वेगळं पान तयार होतं, सहा नावांची सहा पानं आणि सगळीकडे तेच एक पाकीट, गिऱ्हाइकाला वाटेल दुकान रिकामं आहे. एकाच वस्तूला लागलेली खूण काढून टाकलेली बरी.

अजून एक, टॅगचं नाव मराठीत ठेवा पण लिंकसाठी जो स्लग असतो तो रोमनमध्ये लिहा. नाहीतर लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्याच्या (%) चिन्हांची खिचडी होते, एकेका अक्षराची नऊ नऊ चिन्हं, आणि लोकांना वाटतं व्हायरस आहे.

आगळवाली: स्लग करते. आता हे सांगा, माझ्याकडे "ॲडव्हान्स बुकिंग" टॅग दोनदा दिसतोय, स्पेलिंग सेम, एकात तीन वस्तू आणि एकात पाच. डोळे फुटले बघून बघून.

पोटमाळा: दिसायला सेम, आतून वेगळे. एकाने अख्खा ॲ टाइप केलाय, दुसऱ्याने अ टाइप करून वर चंद्र बसवलाय. अख्खा ॲ युनिकोडमध्ये 2008 ला आला, त्यामुळे जुन्या कीबोर्डवरून अजून जोडकामच येतं. मशीनला ते दोन शब्द. एक उडवा, आणि पुढे खुणा एकाच माणसाने एकाच फोनवरून तयार करायच्या, बाकीच्यांनी यादीतून निवडायच्या. किंवा सरळ "आगाऊ नोंदणी" करा, चंद्राचं झंझटच नको.

भिरंड: आगाऊ वाचून माका माझो भाचो आठवलो.

खाडीकाठ: हाहा. बरं ताई, कोकमाला "जीआय" अशी खूण लावली असेल तर जरा थांबा. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये मानांकन मिळालं हे खरं, पण ते लिहून विकायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. गटाची झालीये का?

आगळवाली: नाही झालेली, उद्याच ती खूण काढून टाकते. तर विभाग राहिला विभाग आणि टॅगची झाली खूण, काकींना सांगितलं तर म्हणाल्या हे आधीच बोलायचं की. आता शेवटचं, आउट ऑफ स्टॉकला नुसतं "संपलं" लिहू का? काकींचं म्हणणं आहे "पुढच्या मे महिन्यात या" असं लिही, झाडाला लागल्याशिवाय काय देणार.